तिसरी हाक

सिनेमाच्या तंबूतले दिवे मालवले, तशी मी पडद्याकडे पाठ केली आणि लोकांकडे बघायला लागलो. ट्रेलर कापून जोडणाऱ्याने पडदा बघून उपयोग नसतो. तो त्याला झोपेतही दिसतो. लोणावळ्याच्या या तंबूत आमच्या भुताच्या बोलपटाचा ट्रेलर, म्हणजे येणाऱ्या सिनेमाची छोटी झलक, पहिल्यांदाच लागत होता. तो पडला असता तर सिनेमा कुणी घेतला नसता आणि कंपनीच्या शेठनी मला ठेवलं नसतं.

भीती घालायची आमची सामग्री साधीच. बाईच्या हनुवटीखाली एक दिवा ठेवला की ओळखीचा चेहराही परका वाटतो. दृश्यं आधी लांब ठेवायची, मग आखूड करत जायची. बघणाऱ्याचा श्वासही तसाच होत जातो. आणि ऐन वेळी वाद्यं बंद करायची. त्या शांततेत मी एक हाक ठेवली होती: "बाळाऽऽ, ये रेऽऽ."

हाक आमच्या नटीची नव्हती. तिचा आवाज फारच साजूक. तळेगावजवळच्या इंदुरीच्या किल्ल्यापाशी शूटिंग चालू असताना बांगड्या विकणाऱ्या खतिजामावशी बघायला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, नदीकडे तोंड करून कुणालातरी हाक मारा. त्यांनी तीनदा मारली. आमचे साऊंडवाले हेडफोन काढून नुसते बसून राहिले.

मी मूळचा तळेगावचा. तिन्हीसांजेला लांबून हाक आली तर लगेच ओ देऊ नये, हे मला आईने शिकवलेलं. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात. तिसरी आली तर माणूस. म्हणून मी पहिली ठेवली आणि उरलेल्या दोन कापल्या.

तंबूत ती हाक घुमली आणि विडी धरलेले हातसुद्धा जागच्या जागी थांबले. मागून एक बाई देवाचं नाव घ्यायला लागली. शेठ खूश. माझे तर पाय जमिनीवर नव्हते.

खेळ सुटल्यावर बाहेर खतिजामावशी उभ्या दिसल्या. आपला आवाज ऐकायला त्या खास इंदुरीहून आल्या होत्या. मला वाटलं, कौतुक करतील.

"म्या तीनदा हाक मारलेली, भाऊ. दोन कुटं गेल्या?"

मी समजावलं की एकाच हाकेने माणूस जास्त घाबरतो.

"घाबरंल की. पर ती हाक माज्या पोराला, याकूबला व्हती. लढाईवर गेलाय, लय दिस खबर न्हाई. तिसऱ्या हाकंबिगर ओ द्यायची न्हाई, हे मीच त्याला शिकवलंय. आता त्यो कसा यील?"

सिनेमातला आवाज पलटणीपर्यंत पोचत नाही, एवढं साधं वाक्य मला बोलवेना. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं, तिन्ही हाका ठेवतो. ते भडकले. हाकांचा नियम त्यांना मीच पढवला होता. म्हणाले, तिसरी आली की माणूस ठरला, मग भूत राहिलं कुठं? मी म्हटलं, दुसरीनंतर पडदा काळा करतो. चित्र नाही, आवाज नाही. लोकांना वाट बघू दे.

"लढाईपायी कच्ची फिल्म मिळत नाही आणि तू काळोख छापणार?"

"एकदा छापू द्या. नाही जमलं तर मला काढा."

त्याच तंबूत ट्रेलर पुन्हा लागला. पहिली हाक. दुसरी. मग काळोख, आणि प्रोजेक्टरची घरघर तेवढी. कुणी खोकलंही नाही. तो काळोख माझ्याच हाताने जोडलेला, तरी मी वळून पडद्याकडे बघितलं. मग तिसरी हाक आली आणि अंधारातून कुणीतरी ओ दिली. पाठोपाठ दुसऱ्याने दिली, मग बायांनी, म्हाताऱ्यांनी. हसत कुणीच नव्हतं.

मावशी शेवटच्या बाकावर होत्या. दिवे लागल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. बाहेर पडणारा एकेक चेहरा त्यांनी नीट बघून घेतला. तंबू रिकामा झाल्यावर पदर सावरून स्टेशनाकडे निघून गेल्या.

सिनेमा चालला. माझी नोकरी टिकली. याकूब परत आला नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी ट्रेलर कापले. कुणाचा खरा आवाज हाती आला, तर कात्री लावण्याआधी विचारून घ्यायचो, ही हाक कुणासाठी मारली होती. साऊंडवाले कुरकुरायचे, यात फार वेळ जातो म्हणायचे. जातोच.