एकटीचं तिकीट

वर्तमानपत्र हातात आलं की माणसं आधी मथळा वाचतात. प्रूफआत्या आधी शेवटच्या पानाची शेवटची ओळ वाचायच्या. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात, ती ओळ. मग पेपर उलटून बातम्यांकडे वळायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, “बातमी काय, कोणीही देते. पण उद्या भानगड झाली तर पोलीस कोणाच्या दारी जातील, ते खाली लिहिलेलं असते. आधी त्या माणसाला रामराम करायचा, मग पुढं.”

बँकेच्या बदलीनं मी साताऱ्याहून जबलपूरला आले तेव्हा मदन महल भागात आत्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्यानं घेतली. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. लग्न केलेलं नव्हतं. आजोबा अमरावतीकडून इथे आलेले, त्यामुळे बोलणं वऱ्हाडी वळणाचं आणि त्यात निम्मी हिंदी. कमानिया गेटजवळच्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात प्रुफं तपासली होती, म्हणून सगळी गल्ली त्यांना प्रूफआत्या म्हणायची.

कर्ता नसलेलं वाक्य त्यांना खपत नसे. मी एकदा सहज म्हणाले, “आत्या, पाण्याची मोटर बंद केली गेली नाही.” त्या पायरीवरच थांबल्या. “काहून अशी बोलून राहिली? कोणी बंद केली नाही ते सांग न.” मीच केली नव्हती. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, “अच्छा. आता कसं स्वच्छ वाटलं.”

छापखान्यात त्या गेल्या त्या भांडायला. मॅट्रिकच्या निकालाच्या यादीत ‘रेवाकाठ’ साप्ताहिकानं त्यांचं नाव चुकीचं छापलं होतं. सतरा वर्षांची मुलगी अंक घेऊन तणतणत आत शिरली. समोर खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, पदर खोचलेला, बोटं शाईनं काळी. त्या भागीरथीबाई, ‘रेवाकाठ’च्या प्रकाशक. एखादी बाई वर्तमानपत्र काढते हे सांगूनही लोकांना खरं वाटत नसे, असे ते दिवस होते. बाईंनी तक्रार ऐकून घेतली, एक ओला कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “चूक तुला दिसली, आमच्या माणसाला दिसली नाही. बस इथे. हा उद्याचा अंक वाच.” आत्या बसल्या त्या छापखाना बंद होईपर्यंत.

बाईंच्या गोष्टी आत्यांच्या तोंडून कितीदा ऐकल्या त्याला गणती नाही. त्यातली एक सांगताना त्या नेहमी उभ्या राहत. एका ठेकेदारानं शाळेच्या इमारतीत माती मिसळलेला चुना वापरला, आणि ‘रेवाकाठ’नं ते छापलं. ठेकेदार कोर्टात गेला. वार्ताहराचं नाव सांगा, असा आग्रह धरला गेला... नाही, आत्या रागावतील. ठेकेदाराच्या वकिलानं आग्रह धरला. बाई म्हणाल्या, “लिखा किसने, यह मत पूछिए. छापा मैंने है. जो सज़ा देनी है, मुझे दीजिए.” पुढच्याच पावसात त्या शाळेची भिंत खचली. रविवार होता, म्हणून मुलं वाचली. खटला तिथेच संपला.

तिकिटाचं खूळ, हा माझा त्या वेळचा शब्द, टपाल कचेरीत सुरू झालं. आत्या भाचीला पार्सल पाठवायला गेल्या होत्या. खिडकीमागे नव्या स्मारक तिकिटांचा तक्ता लावलेला होता, नेते, कवी, शास्त्रज्ञ. त्यांनी विचारलं, “भैया, हमारी बाई का टिकट कब निकलेगा?” खिडकीतला माणूस सज्जन होता. तो हसला नाही. म्हणाला, “अम्मा, प्रस्ताव भेजिए.” संध्याकाळी मी बँकेतून आले तर आत्या जिन्याशी वाट पाहत होत्या. “तू बँकेत अर्जच अर्ज वाचतेस न? चलो, एक लिहून दे.”

पहिलं उत्तर नकाराचं आलं. दुसरंही. तिसऱ्या पत्रात कारण होतं. उपलब्ध माहितीनुसार ‘रेवाकाठ’ हे बाईंच्या पतीनं, दादासाहेबांनी चालवलेलं साप्ताहिक होतं आणि बाई त्यांच्या सहकारी होत्या. ही माहिती आली होती कुटुंबानंच काढलेल्या एका स्मरणिकेतून. आत्यांनी ते पत्र तीनदा वाचलं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते नीट घडी करून पाकिटात परत ठेवलं.

दादासाहेबांचे पुतणे विजय नगरला राहत. सालस गृहस्थ. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, जुन्या अंकांच्या बांधीव फाइली दाखवल्या, पण बांधणाऱ्यानं पानांचे तळ कापताना मुद्रक-प्रकाशकाची ओळही कापली होती, आणि पहिल्या वर्षांचे सुटे अंक त्यांच्याकडेही नव्हते. मग त्यांनीच एक तोड सुचवली. “दीदी, काका-काकू दोघांचं मिळून तिकीट मागू. माझी वर ओळख आहे. सालभरात होऊन जाईल. शेवटी दोघं एकच होते न?”

“घरात एकच होते,” आत्या म्हणाल्या. “कोर्टात बाई एकटी उभी होती. हे तिकीट आहे, लग्नाची पत्रिका नाही.”

परतताना रिक्षात मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, “आत्या, निदान फोटो तरी येईल ना बाईंचा. पदरात पडेल ते घ्या. तुमचं वय बघा.”

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. “वय माझं झालं आहे. खऱ्याचं नाही झालं.”

त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढ्याशा कागदासाठी म्हातारी हातातलं घालवते आहे, असंच मला वाटत होतं. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. साडी नेसून, पिशवीत डबा भरून त्या तयार होत्या. “वर्तमानपत्र काढायच्या आधी सरकारात घोषणापत्र द्यावं लागते. बाईंनी दिलंच असेल. मी ते शोधायला जाऊन राहिली. तू ये म्हणत नाही. सांगितलं फक्त.”

तेव्हापासून दर मंगळवारी त्या जुन्या सरकारी कागदपत्रांच्या दालनात जाऊन बाकावर बसू लागल्या. तिथल्या बाबूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “अम्मा, बहुत पुराना काग़ज़ है. दीमक खा गई होगी.” आत्या म्हणाल्या, “तो दीमक से लिखवाकर दे दीजिए कि खा लिया.” वाळवीचा दाखला मिळेपर्यंत उठायचं नाही, असा त्यांचा बेत असावा. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मधे त्यांना मलेरिया झाला, ते दोन मंगळवार चुकले. तिसऱ्या मंगळवारी त्या हजर झाल्या तेव्हा बाबूनंच खुर्ची आणून दिली आणि विचारलं, “तबीयत कैसी है, अम्मा?”

थंडीच्या सुरुवातीला तो बाबू नाकाला गमछा बांधून स्वतः माळ्यावर चढला. त्या दिवशी मी रजा काढून सोबत गेले होते. खाली उतरला तेव्हा त्याच्या केसांवर कोळीष्टकं होती आणि हातात एक पिवळी फाइल. आत्यांनी चष्मा पुसला. घोषणापत्रावर मुद्रक, प्रकाशक आणि स्वामी, तिन्ही जागी एकच नाव होतं, भागीरथीबाईंचं, त्यांच्याच ठसठशीत अक्षरात. सोबत जोडलेल्या अर्जात पतीच्या व्यवसायाचा रकाना होता. त्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘अध्यापक. अवकाश मिलने पर पत्नी के समाचार-पत्र में सहायता.’

आत्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला उठली. हसता हसता त्यांनी बाबूचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

त्या कागदाची प्रमाणित नक्कल प्रस्तावाला जोडली. मग वाट पाहणं सुरू झालं. त्यात माझी नाशिकला बदली झाली. एका दुपारी बँकेत गर्दी असताना फोन आला. “निघून राहिलं,” आत्या म्हणाल्या. “एकटीचं.”

समारंभाला मी रजा काढून गेले. व्यासपीठावर पुतण्यांचं कुटुंब आणि पाहुणे होते. आत्या आणि मी तिसऱ्या रांगेत. त्याची त्यांना खंत नव्हती. निवेदकानं बाईंचा परिचय सुरू केला, “दादासाहब की धर्मपत्नी...” आणि आत्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. “भैया, प्रकाशक कहिए.” निवेदक गोंधळला. मग बाईंच्या पुतण्यांनीच खुर्चीतून पुढे वाकून म्हटलं, “दीदी ठीक कह रही हैं. प्रकाशक.” निवेदकानं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आत्या खाली बसल्या.

लोकांनी तिकिटांचे ताव जपून ठेवायला घेतले. आत्यांनी तिकिटांबरोबर ती लावायला पाकिटं घेतली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी पत्रं लिहिली, माळ्यावर चढलेल्या बाबूला, टपालखिडकीतल्या माणसाला, आणि नकार कळवणाऱ्या तिन्ही अधिकाऱ्यांना. “त्यांना काहून?” मी त्यांच्याच भाषेत विचारलं. “त्यांनी उत्तर तर दिलं न,” त्या म्हणाल्या. “लोक तेवढंही करत नाहीत.”

पत्रं संपली तेव्हा त्यांनी एक कोरा कागद काढला. छापखाना ज्या गल्लीत होता, त्या गल्लीला बाईंचं नाव द्यावं असा महापालिकेला अर्ज लिहिला. त्यावर त्यांनी सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. आता मला समजवायचं सुचलं नाही. मी त्यांच्या सहीखाली माझी सही केली आणि नाशिकचा पत्ता लिहिला.

पुढच्या होळीच्या आधी आत्या गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. जिना चढून मी माझ्या जुन्या खोलीत गेले आणि तिथे पोटभर रडले.

परवा त्या अर्जाचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. गल्लीच्या नावाबद्दल स्थानिक लोकांची मागणी दिसत नाही, सबब अर्ज नामंजूर. स्थानिक लोक म्हणजे त्या गल्लीतल्या घरांमधली माणसं. त्यांच्या सह्या घ्यायला मी येत्या शनिवारी जबलपूरला निघते आहे.