मनोहरचे दोन बोल्ट

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडवरच्या माझ्या क्लासमध्ये शिकवत होतो. समोरच्या मुलीच्या हातात मनोहरनेच बनवलेली गिटार होती. त्याच्या बायकोचा, शैलावहिनींचा, आवाज अगदी शांत होता. "सकाळी चहा घेतला, वर्कशॉपमध्ये जाऊन बसले... आणि तिथेच," एवढंच त्या म्हणाल्या. मुलीला "आज पुरे" म्हणून मी सातपूरला त्याच्या घरी निघालो. त्याला आता दीड महिना झाला. मनोहरच्या हाताची कला, त्याचा साधेपणा यांवर बरेच जण बोलले, आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र माझी एक चूक लिहायची आहे.

तो एका कारखान्यात पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे त्याचं काम. कारखाना बंद पडला आणि पन्नाशीत तो गिटारी करायला लागला, तोही माझ्याच नादाने. मी गिऱ्हाईक आणायचो, तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटार घडवायचा. बोलायला कमी, कामात मात्र इतका चिकट की कधीकधी डोकं फिरायचं. विशेषतः नेक बसवताना. गिटारचा नेक, म्हणजे ती लांब दांडी, बॉडीला कसा जोडायचा, यावर आमचं पहिल्यापासून जमलं नाही. तो डव्हटेल करायचा, म्हणजे नेकच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखा आकार आणि बॉडीत नेमकी तशीच खाच. खाचेला खडू लावायचा, नेक बसवून काढायचा, जिथे खडू लागला तिथे पटाशीने उगाच नावापुरतं तासायचं, पुन्हा खडू. असे तीन-तीन दिवस. शेवटी सरस लावून कायमचं बंद.

पण आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकतं आणि पावसाळ्यात फुगतं. वर्ष-दोन वर्षांत नेक पुढे ओढला जातो, तारा उंच होतात, आणि मग सरसाने चिकटवलेला सांधा वाफ देऊन सोडवावा लागतो. अशाच एका गिटारीचं पॉलिश वाफेने पांढरं पडलं, तेव्हा माझा संयम सुटला. एक गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी म्हणालो, "जग बोल्ट लावतंय. आतून दोन बोल्ट आवळायचे, हवं तेव्हा काढायचे. तुझा हा हट्ट आता पुरे."

तो म्हणाला, "उघडता यायला पाहिजे, हे खरंय. पण बोल्टने आवळलं की काहीही बसतं रे. मग नीट बसलंय की नाही, कळणार कसं?"

"कळून कोणाला काय करायचंय? लोकांना गाणी वाजवायचीत."

गिऱ्हाईक हसलं. मनोहर माझ्याकडे न बघता "बरं" म्हणाला. पुढच्या गिटारीपासून बोल्ट आले, आणि मी जिंकलो.

त्यानंतर गिटारी भराभर व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. उशीर पूर्वीइतकाच, उलट थोडा जास्तच. मी फोन करून त्याला बोलायचो. "आता तर बोल्ट आहेत ना? मग दिवसभर करतोस काय?" "होतं रे," एवढंच तो म्हणायचा. एकदा तर मी म्हणालो की वय झालं तुझं, आता हात चालत नाही. आज वाटतं, तेव्हा त्याने मला चार शिव्या घालायला हव्या होत्या.

गेल्या आठवड्यात दिंडोरीची माझी एक विद्यार्थिनी मनोहरचीच बोल्टवाली गिटार घेऊन आली. द्राक्षबाग सांभाळून शिकते. "सर, तारा लय वर आल्यात. गाडीत राहिली व्हती उन्हात," म्हणाली. अशा गिटारी मी मनोहरकडे टाकून यायचो आणि दुरुस्त झाल्या की घेऊन यायचो. आता कोणाकडे टाकणार? त्याच्या शेडमध्ये गेलो, त्याचाच पाना घेतला, तारा काढल्या आणि आत हात घालून दोन्ही बोल्ट सोडवले. नेक हलेना. ओढला, तरी हलेना. गुपचूप सरस लावून ठेवलाय, असं वाटून मला चक्क राग आला, मेलेल्या माणसाचा राग. मग त्याला करताना पाहिलं होतं तसं नेकच्या खालून लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके दिले. नेक टेबलाच्या खणासारखा सरकत वर आला. सरसाचा थेंबही नव्हता. कोरडं, स्वच्छ डव्हटेल होतं, आणि खाचेच्या कोपऱ्यात खडूची भुकटी.

बोल्टची गरजच नव्हती. मी म्हणालो म्हणून उघडता येईल असं केलं, आणि नीट बसलंय हे त्याला स्वतःला कळायला हवं म्हणून तीन दिवस तासूनही बसवलं. मी त्याचं काम कमी केलं नव्हतं, वाढवून ठेवलं होतं. प्रत्येक गिटारीत.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्या हातातला सुटा नेक बघून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं होय? मी म्हणायचे त्यांना, एकदा सांगून टाका भाऊजींना, कशाला बोलणी खाता. तर म्हणायचे, त्याने चारचौघांत सांगितलंय लोकांना की बोल्ट आहेत. मग त्याचा शब्द खोटा कशाला पाडायचा?"

चहा तसाच राहिला. नेक खाचेत ठेवून तळव्याने दाबला, बसला. गिटार उलटी धरली, तरी सुटला नाही. ते दोन बोल्ट मात्र टेबलावर पडून होते, आणि बराच वेळ मला ते उचलवेनात.