मी लाकडाच्या बाजूची

शेड लाकडाची बांधायची की लोखंडाची, हा वाद आमच्या घरात तीन वर्षं चालला. त्याचा निकाल लागू नये म्हणून मी जेवढी मेहनत घेतली, तेवढी बँकेत असताना प्रमोशनसाठीही घेतली नव्हती.

मूळ कारण दुपार. मी नवऱ्याच्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले. मुलगा बंगळुरूला, हे हडपसरलाच एका कारखान्यात, घरापासून दहा मिनिटांवर. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी उगवायचा. जेवण उरकलं की मी पडदे ओढायचे, फोन कपाटात टाकायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत जगाशी संबंध तोडायचे. दुपारच्या झोपेवरून पुण्याची थट्टा करणारे सगळे अजून नोकरीत असतात, असं माझं निरीक्षण आहे. मी नेहमी झोपायचेही नाही. कधी पंख्याकडे बघत पडायचे, कधी एकटीच पेरूला तिखटमीठ लावून खायचे. तीस वर्षं काउंटरपलीकडची तोंडं बघितल्यावर कोणाचंच तोंड न दिसणं हे सुख मला पहिल्यांदाच मिळत होतं.

मग हे निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी ते घरीच होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मिठाच्या बरणीवरसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी ड्रिल मशीन सुरू झालं. ते बंद असेल तेव्हा दर अर्ध्या तासाने खोलीत येऊन विचारायचे, "अगं, झोपली आहेस का?"

तोडगा मुलाने फोनवर काढला. लोणी काळभोरला आमची थोडी जागा आहे, कधीकाळी हौसेने घेतलेली. "तिथे एक शेड टाका ना बाबा. तुमचे टूल्स, त्या दोन डेड स्कूटर, सगळं शिफ्ट करा." स्कूटर आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभ्या होत्या. ही वाहने आहेत की स्मारके, अशी चौकशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा केली होती.

दुसऱ्याच दिवशी जेवण झाल्यावर ह्यांनी हेल्मेट घातलं आणि चालू असलेल्या तिसऱ्या स्कूटरवरून शेड कशी बांधतात ते बघायला गेले. मी पडदे ओढले. संध्याकाळी चहाला आले ते माहिती घेऊनच. शेड दोन प्रकारची असते म्हणाले. एक, जमिनीत लाकडी खांब पुरून त्यावर छप्पर घालायचं. दुसरी, सगळा सांगाडा लोखंडी, नट-बोल्टांनी जोडलेला. आयुष्य कारखान्यात गेल्यामुळे त्यांचा कल लोखंडाकडे होता. फॅब्रिकेटर महिन्याभरात उभी करून देतो म्हणाला होता.

माझा नवरा कामात रमणारा नाही, काम संपवणारा आहे. त्या स्कूटर ते कधीही दुरुस्त करणार नव्हते. शेड उभी राहिली की आत सामान लावून, कुलूप घालून हा माणूस घरी येणार आणि मला विचारणार, झोपली आहेस का.

"लोखंड तापतं हो," मी म्हणाले. "लाकडाची बघा की."

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून ते लाकूड बघायला जाऊ लागले. टिंबर मार्केट झालं. येरवड्याला कैद्यांनी केलेलं सागवानी सामान बघून आले आणि तिथल्या कामात अजिबात घाई दिसत नाही म्हणाले. सोलापूर रस्त्यावरचे गोठे, पोल्ट्र्या, ढाब्यांचे मांडव, सगळं पालथं घातलं. लाकडाकडे जरा जास्तच झुकायला लागले की मी वाळवीचा विषय काढायचे. परत लोखंडाकडे वळले की गंज. पण एकंदरीत मी लाकडाच्या बाजूची आणि ते लोखंडाच्या, असे पक्ष पडले. सेक्रेटरी एकदा स्कूटरबद्दल भांडायला म्हणून वर आले आणि लोखंडाच्या पक्षात सामील होऊन, चहा पिऊन खाली गेले.

एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. वाद घालायचा तर मलाही अभ्यास करावा लागला. निलगिरीचा खांब किती टिकतो, बुंध्याला डांबर का फासतात, हे मी दुपारी पडल्या पडल्या फोनवर वाचू लागले. फोन कपाटातून बाहेर आला. आणि संध्याकाळी हे आले की आम्ही बोलायचो. आमच्या लग्नात त्याआधी बोलणं म्हणजे गॅस संपला, दूध नासलं, मुलाची फी भरायची आहे, एवढंच होतं. आता ते टिंबरवाल्या शेठजींची हुबेहूब नक्कल करायचे, चहात बोट बुडवून टेबलावर सांधा काढून दाखवायचे. मी त्यांना खोडून काढायचे. ते चिडायचे. स्कूटरचा आवाज खाली आला की मी पडदा सरकवून बघायला लागले होते. हा माणूस मला आवडतो, हे इतक्या उशिरा कळायला नको होतं, पण कळलं.

मग दिवाळीला मुलगा आला.

"तीन वर्षं? आई, सीरियसली?" त्याने मांडीवर लॅपटॉप घेतला. "रेडीमेड स्ट्रक्चर येतं गं. सगळं फॅक्टरीत बनतं, साइटवर फक्त बोल्ट करायचं. फोर डेज. डन." आम्ही तीन वर्षं जे होऊ दिलं नव्हतं ते त्याने फराळाची बशी संपायच्या आत केलं. शनिवारी कंपनीचा माणूस मापं घ्यायला येणार, हेही ठरवून टाकलं.

शनिवारी आम्ही तिघं लोणीला गेलो. शेजारच्या शेतातल्या बाई चहा घेऊन आल्या. बाजूलाच त्यांचा म्हशींचा गोठा. कंपनीचा तरुण टेप घेऊन उभा होता. "सर, एंट्री कुठल्या साइडला घेऊ?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते टेपकडे बघत होते, दवाखान्यात सुईकडे बघावं तसे.

"पत्रा दुपारी किती तापेल?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं माझे कान वाजले. लोखंडाच्या पक्षाचा पुढारी माझा मुद्दा मांडत होता.

"खाली इन्सुलेशन येतं ना सर."

"आणि गंज?" मी म्हणाले.

"कोटिंग असतं मॅडम."

"वाऱ्याने आवाज फार होतो पत्र्याचा," हे म्हणाले.

"लाकडाला आवाज नसतो," मी म्हणाले.

"बरोबर आहे," हे म्हणाले. तीन वर्षांत मला पहिल्यांदाच बरोबर म्हणाले.

शेजारच्या बाईंना राहवलं नाही. "आमच्या गोठ्याच्या लाकडाच्या मेढी सासऱ्यानं रोवल्याल्या हायेत. म्हशी रोज आंग घासत्यात, पर अजून हाल्ल्या न्हाईत."

"झालं तर मग," मुलगा वैतागून म्हणाला. "लाकडाची बांधा!"

"वाळवी लागते," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मुलगा आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. "बाबा, तुम्हाला शेड हवी आहे की नको?"

कंपनीच्या माणसाने टेप हळूच आत सोडली.

"शेड नको आहे रे," हे म्हणाले. "दुपारी कुठेतरी जायचं होतं. तुझ्या आईला दोन-तीन तास घर एकटीला लागतं. विचारलं तर नाही म्हणेल. म्हणून विचारलं नाही."

हा सगळा कारभार मी चालवते आहे, अशी माझी तीन वर्षं समजूत होती. उन्हाळ्यात रस्ता भट्टीसारखा तापलेला असताना हा माणूस कुठल्यातरी पोल्ट्रीच्या सावलीत उभा राहत होता, मी पंख्याखाली पडावं म्हणून. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"शेवटचं 'झोपली आहेस का' विचारलं तेव्हा तुझं तोंड बघितलं ना."

"अहो, मग मी वाळवीचं एवढं वाचलं ते?"

"आत्ता उपयोगी पडलं की," ते म्हणाले.

कंपनीच्या माणसाला बाईंनी चहा देऊन वाटेला लावलं. मुलगा सोमवारी परत गेला. आपण नेमकं काय बिघडवलं ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडवलं एवढं कळलं असावं, कारण जाताना त्याने आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. एरवी विमानतळावरून मेसेज करतो.

मंगळवारी जेवणं झाली. हेल्मेट खुंटीवरच राहिलं. आता जायचं कुठे आणि काय सांगून? मी आत जाऊन पडले. हे बाहेर सकाळीच वाचून झालेला पेपर परत वाचत होते, आणि पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून ते पान दोन्ही हातांनी धरून उलटत होते. ड्रिल परवडलं असतं. ना पंख्याकडे बघवेना, ना वाचवेना. आजपासून चहाला बोलायचं काय, दुधाबद्दल?

मी उठून बाहेर आले.

"अहो, यवतच्या पुढे म्हणे कोणीतरी बांबूची शेड बांधली आहे."

त्यांनी चष्मा काढला. "बांबूची? कोण म्हणालं?"

"म्हणालं कोणीतरी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग पेपरची घडी घातली. "बांबूचा आपण विचारच केला नव्हता."

"नाहीच केला."

ते उठले, खुंटीवरचं हेल्मेट घेतलं, किल्ली शोधली. दारात थांबून म्हणाले, "तूही चल ना. बघशील तरी."

मला जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी म्हणाले, "मी बघितली तर संध्याकाळी तुम्ही मला सांगणार काय?"

त्यांनी थोडा विचार केला. पटलं असावं. हेल्मेटचा पट्टा लावत ते जिना उतरायला लागले, आणि मी आत जाऊन पडदे ओढले.