विचार व्हावा, ही विनंती

अतिदक्षता विभागातल्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळे पाठीमागे ‘व्हिटॅमिनबाई’ म्हणत. पाठीमागे म्हणजे त्यांना ऐकू जाईल इतपतच पाठीमागे. बावीस वर्षं त्या नळीने जेवणाऱ्या पेशंटांची जेवणं ठरवत होत्या आणि बावीस वर्षं दोन्हीकडून वैतागत होत्या. नातेवाइकांना वाटे, जीवनसत्त्वांनी खाटेवरचा माणूस उठून चालायला लागेल. डॉक्टरांना वाटे, ती दिली काय नि न दिली काय, लघवीवाटेच जाणार. मध्ये या बाई, कपाळाला हात लावून.

सोमवारी पाच नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या. पोटातल्या अडथळ्यामुळे तीन आठवडे खाल्लेलं सगळं उलटून पडत होतं. ऑपरेशन झालं, नाकातून नळी बसली. इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात साखर गेली, की उरलंसुरलं बी-वन जीवनसत्त्व ते भराभर संपवतं आणि मग मेंदूचे हाल सुरू होतात. म्हणून थायमिनचं, म्हणजे बी-वनचंच, इंजेक्शन आधी आणि जेवण नंतर. बाईंना हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

पण या विभागाची तऱ्हाच वेगळी. जेवणाचा कागद बाईंच्या सहीने थेट नर्सकडे जाई आणि तासाभरात नळी सुरू होई. औषध मात्र डॉक्टरांनी तक्त्यावर उतरवल्याशिवाय मिळत नसे. त्यासाठी बाई फायलीत पिवळा कागद लावत आणि त्यावर नेहमीच्या थाटात लिहीत, ‘थायमिन आधी देण्याचा विचार व्हावा, ही विनंती.’ नव्या असताना एका मोठ्या डॉक्टरांनी, ‘आता औषधंही तुम्हीच ठरवणार का?’ म्हणून त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. तेव्हापासून हा नम्रपणा अंगवळणी पडला होता. सोमवारीही त्यांनी दोन्ही कागद एकदमच दिले आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

बाहेर काकूंची मुलगी टॉनिकची बाटली घेऊन उभी होती.

“मॅडम, हे आईच्या नळीतून द्याल? यात सगळी व्हिटॅमिनं आहेत.”

“अजिबात नाही! दुकानदार म्हणाला म्हणून आईच्या नळीत काहीही ओतायचं? काय लागतं ते आम्हाला कळतं. पुन्हा असलं काही आणू नका.”

मुलगी चेहरा पाडून बाकावर जाऊन बसली.

मंगळवारी बाईंची रजा होती. बुधवारी येऊन बघतात तर काकूंचे डोळे एका जागी ठरत नव्हते. चादरीखाली पाय शिवणयंत्र चालवल्यासारखे हलत होते आणि त्या कुणालातरी दोरा तुटल्याचं सांगत होत्या. नळी मात्र जोरात चालू होती.

“सिस्टर, यांचं बी-वन कुठाय?”

“तक्त्यावर नाहीये, मॅडम. जेवण मात्र अगदी वेळेवर चाललंय.”

निवासी डॉक्टर शांतपणे म्हणाले, “आयसीयूत असा भ्रम होतो, मॅडम. आणि तुम्हीच ‘विचार व्हावा’ लिहिलंय. राउंडला करणारच होतो आम्ही विचार.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कधी? डिस्चार्जच्या दिवशी? डॉक्टर, आत्ता लिहा. शिरेतून, पूर्ण डोस. तो आत जाईपर्यंत ही नळी मी बंद ठेवतेय!”

डॉक्टरांनी निमूटपणे लिहिलं. सिस्टर इंजेक्शन आणायला धावली. बाई वळल्या, तर दारात मुलगी उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

“परवा माझ्यावर ओरडलात, तसं तेव्हाच यांच्यावर का नाही ओरडलात?”

बाईंना डॉक्टरांचा राग येत होता, त्या पिवळ्या कागदाचा येत होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा येत होता. इंजेक्शनची वाट न बघता जेवण सुरू करायचा कागद दुसऱ्या कुणाचा नव्हता.

“जेवणावर सही माझीच होती,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.”

मुलगी त्यांच्या बाजूने आत येऊन आईच्या खाटेपाशी गेली.

गुरुवारच्या राउंडला बाईंनी मोठ्या डॉक्टरांना मध्येच तोडलं आणि जाहीर करून टाकलं, की यापुढे अशा पेशंटांना इंजेक्शन दिल्याची सही दिसल्याशिवाय जेवणाचा कागद मिळणार नाही. मोठ्या डॉक्टरांनी भुवया वर केल्या. करू देत. बाईंनी तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं.

शुक्रवारी काकूंचे डोळे ठरले. त्यांनी मुलीला ओळखलं, नावाने हाक मारली. सिस्टर खूश झाली. बाईंचाही जीव भांड्यात पडला.

“तू कधी आलीस गं?” काकूंनी विचारलं.

“सोमवारपासून इथेच आहे, आई. बाहेर बाकावर.”

“बरं झालं आलीस.”

दहा मिनिटं गेली. काकूंनी मान वळवली आणि मुलीला बघून त्यांचा चेहरा पुन्हा तसाच उजळला.

“अगं, तू कधी आलीस?”

सिस्टर घाईघाईने म्हणाली, “होईल हळूहळू. वेळ लागतो.” बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. किती सुधारेल आणि किती राहून जाईल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलीने एकदा बाईंकडे पाहिलं, मग आईचा हात हातात घेतला.

“आत्ताच आले, आई.”