शोधा म्हणणारे रफूकाका

सकाळी आमच्या घरात कुणीच कुणाचं ऐकत नसतं. हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होते, सासूबाई चहा गार झाल्याचं भिंतीला सांगत होत्या आणि मी उतू जाणाऱ्या दुधावर डोळा ठेवून गळक्या नळाला फडकं बांधत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारा माणूस एक तर घाईत असतो, नाही तर त्याला बेल दिसलेली नसते.

दारात रफूकाका होते. जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं आणि जड त्यांनी छातीशी धरलं होतं. जिना चढून धाप लागली होती, तरी खाली ठेवायला तयार नव्हते.

"वहिनी, तुमच्या मुलाचा तो जुना कॉम्प्युटर आहे ना अजून? टाकला तर नाहीत?"

"टाकतेय कशाला!" आतून यांचा आवाज आला. "मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून त्याची तुटकी पट्टीसुद्धा हिच्याच्यानं टाकवत नाही."

चादर सोडली तर आत स्कॅनर. पांढरा असावा कधीकाळी, आता पिवळट पडलेला. झाकणाचा एक कोपरा चिकटपट्टीने धरून ठेवला होता. यांनी घड्याळात पाहिलं, स्कॅनरकडे पाहिलं आणि दुसरा मोजा वेगळ्याच रंगाचा चढवून निघाले. "हे डबडं सुरू झालं तर फोन कर. रजा टाकून बघायला येतो."

रफूकाकांचं दुकान म्हणजे लाँड्रीच्या जिन्याखालची जागा. एक खिडकी, एक स्टूल, मांडीवर घ्यायची एक फळी आणि सुया टोचलेली उशी. खिडकीतला उजेड सरकला की स्टूलही सरकायचं. कपडा फाटलेला असो, जळलेला असो, कसर लागलेला असो, ते त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर एक खाली एक वर असे विणत बसायचे. बाहेरचा धागा घेतला की कपडा ओळखतो, असं त्यांचं म्हणणं.

काम झालं की घडी उलगडून समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "शोधा." बाकी काही नाही. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटा करायचं, बोटं फिरवायचं आणि शेवटी हात टेकायचं. तेव्हा कुठे काका हसायचे. भोक होतं कुठे, ते मात्र सांगायचे नाहीत. "दाखवलं की दिसायला लागतं," म्हणायचे.

आमचं नवं लग्न झालं होतं तेव्हा यांचा एकुलता एक कोट खिळ्याला लागून पाठीवर फाटला, तोही नोकरीच्या मुलाखतीच्या तोंडावर. काकांनी बाकीची कामं बाजूला सारून तो केला. घरी आणून आम्ही दोघांनी तो खिडकीत धरून भोक शोधलं. हे म्हणाले डावीकडे होतं, मी म्हटलं उजवीकडे. तो वाद अजून मिटलेला नाही. कोट कपाटात आहे, हे त्यात मावत नाहीत, पण विषय निघाला की दोघंही आपापल्या बाजूला ठाम.

काका खुर्चीवर टेकले. बोलताना मान जरा वळवून बघत होते, जणू माझ्या मागे कुणी उभं आहे.

"डोळ्यांत मधोमध डाग आलाय, वहिनी. तुमच्याकडे बघितलं तर कान दिसतात, चेहरा नाही. डॉक्टर म्हणतात, आता हा वाढेल, जायचा नाही."

"मग कानांकडेच बघून बोला, भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या चेहऱ्यांत आता बघण्यासारखं उरलंय काय!"

काका हसले, पण हात स्कॅनरवरून काढला नाही. नाक्यावरचा झेरॉक्सवाला दुकान आवरत होता, त्याच्याकडून त्यांनी तो घेतला होता. त्याने सांगितलं होतं, याच्यावर कपडा ठेवला तर धागा न् धागा दोरखंडाएवढा दिसतो. फक्त नवे कॉम्प्युटर याला ओळखत नाहीत, जुनाच लागतो.

"मला सगळं कुठे बघायचंय? वीण कशी आहे तेवढं एकदा कळलं की पुढचं बोटं करतात. हे जमलं तर दुकान चालू राहील."

"आणि नाही जमलं तर?"

"लेकीकडे. केव्हाची बोलावतेय. जेवायचं, झोपायचं आणि तिच्या घरचे पडदे बघत बसायचं. पडदे नवेच आहेत, फाटायचेही नाहीत."

मी दुधाखालचा गॅस बंद केला आणि मुलाच्या खोलीत कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. सुरू व्हायला त्याने इतका वेळ घेतला की सासूबाई बघायला आल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच. स्कॅनरची एक वायर विजेची, दुसरी कॉम्प्युटरकडे जाणारी, जिचं एक टोक चपटं आणि एक चौकोनी. सीडी झाकणाच्या आत चिकटवलेली सापडली. पण कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा उघडेना. बटण दाबलं की आतून नुसता हुंदका यायचा.

त्या कप्प्याला खाली एक बारीक भोक असतं. त्यात काहीतरी खुपसलं की तो सुटतो, हे मुलाला करताना मी पाहिलं होतं. मी केसांची पिन काढली, ती जाड निघाली.

"सुई चालेल?" काकांनी विचारलं. शर्टाच्या कॉलरखाली त्यांची एक सुई कायम टोचलेली असे. ती त्यांनी न चाचपडता काढली. मी ती उलट्या बाजूने आत घातली आणि कप्पा सुटला. सासूबाई म्हणाल्या, "घ्या, यंत्राचंही रफू झालं."

सीडी फिरली, पडद्यावर स्कॅनरचं नाव उमटलं आणि मी बटण दाबलं. आतून असा घर्रर्र आवाज आला की काका उभेच राहिले. दिवा लागला होता, पण एका कडेला जागच्या जागी थरथरत होता.

"मोडला?"

मी आधी वायर काढली. स्कॅनर उलटा करून पलंगावर ठेवला. काकांची बोटं त्याच्या पाठीवरून फिरायला लागली, कपड्यावरून फिरावीत तशी, आणि एका जागी थांबली. "इथे काय आहे? सरकतंय."

मी चष्मा लावून पाहिलं तर एका खिट्टीशेजारी कुलपाचं इवलंसं चित्र. स्कॅनर हलवताना आतला दिवा आपटू नये म्हणून घातलेलं कुलूप, काढायचं राहून गेलेलं. खिट्टी सरकवली, वायर लावली, पुन्हा बटण दाबलं. या वेळी दिवा काचेखालून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शांतपणे चालत गेला. काका वाकून तो उजेड बघत होते.

"द्या एखादा कपडा."

सासूबाईंची तपकिरी शाल खुर्चीच्या पाठीवर होती. काकांचा हात तिच्यावर पडला आणि चेहरा खुलला. "ही तर आपलीच. मागच्या थंडीत केली होती."

"ती नको, भाऊ. मळकी आहे."

"मळ कुणाला बघायचाय? मला धागा बघायचाय."

"कपाटातली धुतलेली देते ना मी..." सासूबाई उठायला लागल्या, पण काकांनी शाल काचेवर पसरलीही होती. मला तेव्हा आठवलं, त्या शालीचं एक टोक सासूबाई नेहमी काखेत दाबून ठेवतात. मी समजत होते, त्यांना थंडी वाजते.

पहिलं चित्र मधल्या भागाचं आलं. खरोखरच दोरखंड. एक वर, एक खाली, शिस्तीत चाललेले. काकांनी मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहिलं, मग दुसऱ्या कडेने.

"दिसतंय! वहिनी, वीण दिसतेय मला!" त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "आता टोकाकडचं घ्या. माझं काम बघू."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी शाल सरकवली.

चित्र वरून खाली हळूहळू उतरत येतं. आधी शिस्तीतले दोरखंड आले. मग एक धागा दोघांवरून उडी मारून गेला. त्याच्याखाली चार-पाच एकत्र गोळा झालेले, बाजूला उघडी फट, आणि पुढे वीण अशी तिरकी पडलेली जसा झोपेत पाडलेला भांग.

"अजून मोठं करा," काका म्हणाले. मी केलं. ते बराच वेळ डाव्या कडेने आणि उजव्या कडेने बघत राहिले. मग माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे वळले.

"आई, मी तुम्हाला शोधा म्हटलं होतं."

"हो."

"तुम्ही उजेडात धरलीत. उलटी केलीत. म्हणालात, हरले बाई."

सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "हरले म्हणायला काय लागतं, भाऊ? तुम्ही लहान मुलासारखे तोंडाकडे बघत उभे होतात."

"लगेच दिसलं होतं?"

"हात लावायच्या आधी."

काका खाली बसले. "म्हणजे वकीलसाहेब पण उगाच हरले. आणि त्या शाळेच्या बाई. त्या तर म्हणाल्या, काका, जादू आहे तुमच्या हातात. त्यानंतर आल्याच नाहीत." त्यांनी सुई पुन्हा कॉलरखाली टोचली. या वेळी जागा सापडायला वेळ लागला. "एखादं भांडलं असतं तर बरं झालं असतं."

मी चहा आणला. त्यांनी तो घेतला, सगळा प्यायले, कप बशीत नीट ठेवला.

"यंत्र चांगलं आहे, वहिनी. तुमच्याकडेच ठेवा, मुलाचे फोटो घाला त्यात. वीण मला दिसली. पण सुई कुठे उतरते ते यात कसं दिसणार? ते डोळ्यांनीच बघावं लागतं. लेकीला कळवतो मी. दुकान बंद."

"असं नका म्हणू, काका. गावभर तुमच्या हातचे कपडे आहेत. इतक्या वर्षांचं काम काय खोटं होतं?"

"तेच तर आता मला कळत नाहीये," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "लोक केव्हापासून हरायला लागले, ते मला कुठे ठाऊक आहे? कदाचित पहिल्यापासून हरत असतील. माझा चेहरा बघून."

सासूबाई काही बोलणार होत्या, पण काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आपला चष्मा सरळ केला, मान वळवली आणि डोळ्याच्या कडेने मला शोधलं.

"एक काम करा माझं. साहेबांचा तो कोट आहे ना अजून? तो आणा आणि या काचेवर ठेवा. भोक कुठे होतं ते मी सांगणार नाही. तुम्ही शोधा. या वेळी खरं शोधा, आणि सापडलं तर सापडलं म्हणा."