व्याह्यांसाठी आयरिश पिपाणी

मुलीचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या गॅलरीत बनियनवर बसून पायाची नखं कापत होतो. मुलगी आयर्लंडला नर्स आहे. तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला होता, त्याच्या घरच्यांना ती पसंत होती, आणि आता आमचं काय म्हणणं आहे ते तिला ऐकायचं होतं. अशा वेळी बापानं काहीतरी वजनदार बोलावं अशी अपेक्षा असते. मी नेलकटर खाली ठेवला आणि विचारलं, "तिकडं आता किती वाजले?"

बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि मुद्द्याचं विचारलं. मुलगा तिच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या कामावर. आईवडिलांचा गायींचा गोठा, दूध डेअरीला. हे ऐकल्यावर बायकोचा चेहरा सैल पडला. ती शिरूरची. तिच्या भावाच्या दारात आजही गायी बांधलेल्या असतात.

"म्हंजी आपल्यासारखीच माणसं हायेत की," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

माझं डोकं मात्र गोठ्यापाशी थांबलं नाही. आयर्लंड म्हटलं की संगीत, असं मी कुठंतरी वाचलं होतं. तिथं म्हणे प्रत्येक घरात कुणी ना कुणी वाजवतं. आणि मी तर कलाकार माणूस. तरुणपणी आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत मी बासरी वाजवायचो. ढोलकीच्या आवाजात ती कुणाला ऐकू जात नसे, त्यामुळं मी बरा वाजवतो हा माझा समज शेवटपर्यंत टिकला. मी ठरवलं की हळदीच्या दिवशी व्याह्यांना त्यांच्याच मुलखातली धून वाजवून दाखवायची. व्याही गहिवरतील, मला मिठी मारतील, पुढचं आपण बघू.

मी ऑनलाइन आयरिश शिट्टी मागवली. पत्र्याची वीतभर नळी, सहा भोकं, तोंडाला हिरवं प्लॅस्टिक. बायकोनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पिपाणी हाय ही," ती म्हणाली. तेच नाव पडलं.

फोनवरच्या व्हिडिओत एक आयरिश बाई शिकवायची. तिचं म्हणणं असं की नुसते सूर कुणीही वाजवील, खरी गंमत त्यांच्या अलंकारांत आहे. आपण बासरीवर सूर घसरवत नेतो. त्यांच्यात तसं चालत नाही. सूर चालू असताना वरचं एक बोट निमिषभर उचलायचं, त्याला ते 'कट' म्हणतात. खालचं बोट भोकावर टपकन आपटायचं, तो 'टॅप'. एका लांब सुरात आधी कट आणि मग टॅप बसवला की झाला 'रोल'. कट इतका झटपट हवा की कानाला तो वेगळा सूर वाटताच कामा नये, चालत्या सुराला नुसती ठेच लागल्यासारखं वाटलं पाहिजे.

माझं बोट उभी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात काढलेलं. ते एकदा उचललं की लगेच खाली येत नाही. आधी इकडंतिकडं बघतं, साहेब जागेवर आहेत का याचा अंदाज घेतं, मग सावकाश टेकतं. तेवढ्यात धून पुढच्या स्टेशनला गेलेली असायची. माझी ठेच लागायची ती सुराला नाही, सगळ्या गाण्यालाच. व्हिडिओतली बाई हसत हसत "पुन्हा करू या" म्हणायची. ती माझं ऐकत नव्हती म्हणूनच हसू शकत होती.

या पिपाणीचा आवाज फार वरचा. शिवाय मी सराव करायचो तो संध्याकाळी, घरोघरी कुकर चढतात त्या वेळेला. बायकोचा शिट्ट्यांचा हिशेब चुकायला लागला. एक दिवस डाळ कच्ची, एक दिवस भाताची पेज. वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या आणि फार सभ्यपणे म्हणाल्या, "काकांचं काय चाललंय ते कळलं तर बरं होईल, म्हणजे आम्ही त्याप्रमाणं गॅस बंद करू."

मग माझी रवानगी भीमेच्या काठावर झाली. ऑफिस सुटलं की मी पुलाच्या अलीकडं एका दगडावर जाऊन बसायचो आणि कट, टॅप, रोल घोटायचो. शेळ्या चारणारा एक म्हातारा रोज लांबून बघायचा. शेवटी एकदा जवळ आला.

"कवापासनं हाकारताय. कुत्रं हरवलंय का?"

"नाही आबा. संगीत शिकतोय."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "मग हितं कुणी न्हाई, बरी जागा हाय," म्हणाला आणि शेळ्या घेऊन पलीकडं गेला.

घरी बायकोचा वेगळाच त्रागा. या बारीकसारीक करामतींना अलंकार म्हणतात, हे मीच तिला कौतुकानं सांगून बसलो होतो. "लग्न तोंडावर आलंय. सराफाकडं चला म्हणते तर तुम्हाला वेळ न्हाई, आन् हितं फुकटचे दागिने घडवत बसलाय," ती म्हणाली. खरं तर तेव्हा माझी बोटं जराशी सुटायला लागली होती. त्यामुळं मी जास्तच बिघडलो. जिथं कट बसतो तिथं कट घातला, जिथं बसत नाही तिथं रोल घातला. दुडक्या चालीची साधी जुनी धून होती ती. मी तिच्या अंगावर एक बोटभर जागा मोकळी ठेवली नाही.

लग्न शिरूरला, मेव्हण्याच्या दारात मांडव घालून करायचं ठरलं होतं. व्याही आणि विहीणबाई पुण्याला उतरून गाडीनं थेट तिथं आले. व्याही म्हणजे उंच, रुंद, उन्हानं लाल झालेला माणूस. गाडीतून उतरला, सगळ्यांना हात जोडले, आणि गायीचं हंबरणं ऐकून सरळ गोठ्याकडं चालायला लागला. मेव्हणा रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यामुळं त्याला इंग्रजीची भीती नाही. तो "कम, कम" करत मागं धावला. तासाभरानं दोघं बाहेर आले तेव्हा व्याह्यांच्या पॅन्टला शेण लागलं होतं आणि मेव्हणा पार भारावला होता.

"दाजी, मानूस कामाचा हाय. कासंला हात लावून सांगितलं, हिची कास मागं सुजली व्हती, दगडी झाली व्हती म्हनून."

त्या दिवसापासून त्या दोघांना कुणाची गरज उरली नाही. मेव्हण्यानं त्यांना 'जय भीम' शिकवला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते छातीशी हात नेऊन इतक्या मोठ्यानं जय भीम घालायचे की आमच्याकडची म्हातारी माणसं मुद्दाम दोन-दोनदा समोरून जायला लागली.

मी मात्र वेळ साधून मुलीला दुभाषी करून बसवलं. "त्यांना विचार, ते कोणतं वाद्य वाजवतात?"

व्याह्यांनी विचार केला. मुलीनं उत्तर सांगितलं, "ट्रॅक्टरचा हॉर्न."

"तसं नाही गं. म्हणजे त्यांचं पारंपरिक संगीत."

ते बराच वेळ बोलले. मुलगी म्हणाली, "त्यांना त्यात काही गती नाही. ट्रॅक्टरवर रेडिओ असतो, त्यावर ते अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी ऐकतात."

"पण आयर्लंडात तर सगळेच..."

"पप्पा, तुम्ही लेझीम खेळता?"

"नाही."

"मग?"

माणसानं तिथंच थांबायला हवं होतं. पण भीमेच्या काठावर घाम गाळलेला होता. आणि विहीणबाईंना विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या बारीक अंगाच्या, गप्प बाई. बायकोशेजारी बसून लसूण सोलत होत्या.

हळदीच्या संध्याकाळी डीजेवाल्यानं माइक माझ्यापुढं उभा केला आणि "आता नवरीच्या वडिलांचा आयटम" असं जाहीर केलं. पहिलीच फुंकर इतकी जोरात गेली की सूर एकदम वरच्या पट्टीत जाऊन किंचाळला. मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी डोळे मिटले आणि शिकलेलं सगळं ओतलं. कट झाले, टॅप झाले, रोलवर रोल झाले. मधेच डोळे किलकिले करून पाहिलं तर पुढ्यातल्या दोन पोरांनी डोक्यावर हातांचा फणा करून नागीन डान्स सुरू केला होता. विहीणबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. त्यांना भरून आलंय असं मला वाटलं आणि मी अजून एक फेरी वाजवली.

संपल्यावर व्याह्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग वाकून मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी गालाला हळद फासलेली, तशीच माझ्याकडं बघत म्हणाली, "पप्पा, त्यांना फार आवडलं. विचारतात, हे तुमच्या भागातलं लोकगीत आहे का?"

मेव्हण्यानं माइकशेजारी उभं राहून विचारलं, "मग काय सांगू त्यांना?" ते सगळ्या मांडवानं ऐकलं. मी म्हणालो, "हो म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पांढऱ्या साडीत मुलगी उभी होती, शेजारी गोरा जावई पांढऱ्या सदऱ्यात. त्रिशरण-पंचशील तो चुकतमाकत का होईना, पण मनापासून म्हणाला. तेवढ्या वेळात मला कुठल्याही अलंकाराची आठवण झाली नाही. मी फक्त रुमाल शोधत होतो.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले होते. मी गच्चीवर मांडवाच्या दोऱ्या गुंडाळत होतो. विहीणबाई वर आल्या, माझ्या खिशातून डोकावणाऱ्या हिरव्या टोकाकडं बोट दाखवलं आणि हात पुढं केला. मी पिपाणी दिली. त्यांनी पदर नसल्यामुळं ती शर्टाच्या टोकाला पुसली, तोंडाला लावली, आणि माझीच धून वाजवली.

ती तीच आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. किती मोकळी होती ती. एकेक सूर आपल्या पायांनी चालत आला. पूर्ण फेरीत एखाद-दुसराच कट आला असेल. तो आला आणि गेला, आणि पुढचा सूर जणू जागा झाला. मी दोरी हातात धरून तसाच उभा राहिलो.

मग माझ्या रेल्वेच्या इंग्रजीत आणि त्यांच्या सावकाश इंग्रजीत आम्ही बोललो. त्यांचे वडील मोठे वाजवणारे होते. लहानपणी रविवार आला की त्यांना कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला नेत आणि दाराबाहेर उभे राहून चुका ऐकत. जरा मोठ्या झाल्यावर त्यांनी पिपाणी ठेवून दिली ती ठेवूनच दिली. नवऱ्याला गाण्यातलं काही कळत नाही, हे लग्नाला होकार देण्याचं एक कारण होतं म्हणाल्या.

"हळदीला तुम्ही रडत होता ना?" मी विचारलं.

त्या खाली बसल्या आणि मोकळेपणानं हसल्या. नाही म्हणाल्या. माणूस एकाच धुनेत सगळंच्या सगळं घालू शकतो, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. वडील असते तर उठून गेले असते, असंही म्हणाल्या. मला अपमान वाटायला हवा होता. पण इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच तोंड वर करून हसत होत्या, त्यामुळं मीही हसलो.

मग त्यांनी मला सांगितलं, आता तुम्ही वाजवा, काही न घालता. मी वाजवायला लागलो. दुसऱ्याच सुरावर बोट आपोआप उडालं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा उडालं. ज्या बोटाला इतके दिवस उठवता उठवता माझा जीव गेला होता ते आता खाली बसेना. शेवटी विहीणबाईंनी माझी वरची दोन बोटं स्वतःच्या बोटांनी भोकांवर दाबून धरली आणि मानेनं 'वाजवा' म्हणाल्या.

नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन वर आली. तिनं माझी आणि विहीणबाईंची ती गुंफलेली बोटं पाहिली.

"शिकवतायत," मी म्हणालो.

"शिकवू द्या," बायको म्हणाली. "त्यांना सांगा, घट्ट धरा. मला जमलं न्हाई." आणि कपबशा ठेवून तिथंच बसली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ती धून एकदा साधी, सरळ, शेवटपर्यंत वाजवली. कुणी तिच्या लसणाच्या चटणीचं कौतुक केलं की बायको जसं तोंड करते तसं तिनं केलं, म्हणजे तिला आवडली असावी.

पाहुणे गेले. मी दौंडला परतलो. आता नदीकाठी साधीच वाजवतो. अधूनमधून एखादा कट घालतो, तोही विचार करून. विहीणबाईंना रेकॉर्डिंग पाठवलं की त्या एका ओळीचं उत्तर देतात. बहुतेक वेळा ते 'दुसरा कट नको होता' एवढंच असतं, आणि ते बरोबर असतं.

मध्यंतरी ऑफिसातले एक साहेब रिटायर झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी मला आग्रह केला, शिरूरच्या हळदीची कीर्ती पोचलेली होती. मी उभा राहिलो आणि विहीणबाईंनी शिकवली तशी, मोकळी धून वाजवली. मला वाटलं, आजवर इतकं चांगलं मी कधीच वाजवलं नव्हतं. संपल्यावर चार टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून बुकिंगचा एक कारकून म्हणाला, "एवढंच व्हय? पोरं शाळेत वाजवत्यात की असलं."

साहेबांनीही आशेनं माझ्याकडं पाहिलं. विहीणबाई फार लांब होत्या. मी पिपाणी पुन्हा तोंडाला लावली आणि कट, टॅप, रोल, सगळं समोरच्यांच्या अंगावर ओतलं. लोकांनी बाकं वाजवली. साहेबांनी मिठी मारली.