नाताळातल्या भुताची सुट्टी

काचेच्या दुकानातल्या काकूंना गल्लीतली सगळी मुलं घाबरत, आणि काकूंना त्याचं मनातून फार कौतुक होतं. एरवी त्यांच्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बुटक्या, गोलसर, निम्मं वाक्य हसण्यात घालवणाऱ्या. दिवसभर मागच्या खोलीत बसून फोटोफ्रेमच्या पाठीला पुठ्ठे लावायच्या आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोराला घडोघडी बजावायच्या, "काचेला हात नको हं बाळा." पण दुकानात दरवर्षी होणाऱ्या नाताळच्या पार्टीत काकू भूत व्हायच्या.

फार पूर्वी या पार्टीला माणसं दिवे मालवून एकमेकांना भुतांच्या गोष्टी सांगत. मग गाणी आली, संगीत खुर्ची आली, चिठ्ठी उचलून नकला करणं आलं, आणि गोष्ट संपेपर्यंत गप्प बसायचा धीर कुणाला उरला नाही. तेव्हा काकूंच्या नवऱ्याने, म्हणजे मिस्त्रींनी, एक युक्ती काढली. दुकानाच्या टोकाला एक रिकामी खुर्ची ठेवली. तिच्यापुढे माणसाहून उंच काच, जरा तिरकी उभी केली. बाजूच्या पडद्याआड, काळ्या कापडासमोर, काकू पांढरी चादर पांघरून स्टुलावर बसल्या. दुकानातले दिवे मालवून मिस्त्रींनी काकूंवरचा दिवा हळूहळू मोठा केला, आणि त्यांचं प्रतिबिंब काचेत असं उमटलं, की रिकाम्या खुर्चीत धुक्याची बाई येऊन बसली. दिवा विझला, बाई गडप. त्या दिवसापासून भुताशिवाय पार्टी नाही.

सगळ्यांनी पाहिलेलं हे भूत काकूंनी तेवढं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला डोळ्यांवर येणारा दिवा आणि पलीकडून ऐकू येणाऱ्या किंकाळ्या. लोक वर्षभर वर्णन करायचे आणि काकू ऐकून घ्यायच्या. यंदा सासरहून लेक आली होती. दिवा सांभाळायला आणखी दोन हात मिळाले, तशी काकूंनी गोष्ट काढलीच.

"अहो, यंदा मी समोर बसणार. मला एकदा बघायचंय ते."

मिस्त्री काच पुसत होते. "मग भूत कोण?"

"तुम्ही."

"मला जमेल?"

"नुसतं बसून राहायचंय. सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करता?"

लेक हसली. "बाबा, चष्मा मात्र काढा हं. भुताला चष्मा नसतो."

"चष्मा काढला तर मला स्टूल कसं सापडेल?"

"स्टुलावर बसल्यावर काढा मग," काकू म्हणाल्या. "प्रत्येक गोष्टीत मेलं काहीतरी."

पार्टीला काकू पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, नव्या निळ्या शालीत, हातात सरबताचा पेला. शेजारी शिंप्याची धाकटी मुलगी होती. ती जरा सरकून बसली.

"काकू, तुम्ही इथे? मग भूत?"

"भुताला आज सुट्टी. बदली माणूस आहे."

दिवे मालवले. पातेल्यावरचं झाकण उघडावं तशा उत्सुकतेने काकूंनी मान पुढे काढली. आधी काहीच नव्हतं, नुसती खुर्ची. मग खुर्चीत काहीतरी पांढुरकं साचू लागलं. त्याला खांदे आले, मान आली. मागून कुणीतरी किंचाळलं, शिंप्याच्या मुलीने काकूंची शाल गच्च धरली. लोक सांगायचे ते अगदी खरं होतं. भुताच्या छातीतून खुर्चीची पाठ दिसत होती, एकेक पट्टी मोजता यावी इतकी स्पष्ट.

काकूंना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण क्षणभरच. मग त्यांना दिसलं ते भूत नव्हतं. उन्हाळ्यात मिस्त्री दवाखान्यात पडून होते तेव्हा अशीच पांढरी चादर होती, अशीच पडलेली मान. नुसती काचेची करामत आहे, पडद्याआड ते धडधाकट बसले आहेत, असं काकूंनी मनाला बजावून पाहिलं. मन कुठलं ऐकतंय. माणूस असा आरपार दिसू लागला, तर बायकोने बसून सरबत प्यायचं?

पेला मुलीच्या हातात देऊन त्या उठल्या, अंधारात भिंतीला धरून चालत पडद्याआड शिरल्या आणि सरळ उजेडात जाऊन नवऱ्याच्या दंडाला हात लावला. दंड ऊबदार होता. जाड होता. आरपार अजिबात नव्हता.

"काय गं, काय झालं?" मिस्त्रींनी ओठ न हलवता विचारलं. भुताच्या कामात त्यांनी चांगलाच जीव ओतला होता.

"काही नाही. सरका थोडं."

"दिसलं का भूत?"

"दिसलं. पुरे झालं."

"चांगलं होतं?"

"फारच चांगलं होतं. सरका म्हणते ना."

ते सरकले. काकू स्टुलाच्या उरलेल्या कडेवर टेकल्या, आणि काचेपलीकडे एकदम आरडाओरड झाली, कारण एकाच खुर्चीत आता दोन भुतं दाटीवाटीने बसली होती आणि त्यातलं एक शाल सावरत होतं. लेकीला दिव्यामागे हसू आवरेना. त्यामुळे उजेडही हलायला लागला आणि भुतं जास्तच खरी दिसू लागली.

"नवरा-बायको आहेत ते," शिंप्याच्या मुलीचा आवाज आला. "भांडतायत बघा."

दिवा विझला. टाळ्या थांबेनात. अंधारात मिस्त्री चष्मा चाचपत होते.

"पुढच्या वर्षी," काकू म्हणाल्या, "बाक आणा बाई. या स्टुलावर दोघं मावत नाहीत."